तेलातलं पाणी शोधणारे मारोतराव

पुलगाव संपतं आणि नाचणगावकडे जाणारा रस्ता सुरू होतो, तिथे एका कडुनिंबाखाली मारोतराव मिस्त्रींचं टिनाचं शेड होतं. त्यावर पाटी नव्हती. का लावत नाही, असं कुणी विचारलं की म्हणत, "ज्याची गाडी बिघडली त्याले मी सापडतोच. ज्याची चांगली हाय त्याले माझं काय काम?"

मोटारी दुरुस्त करणारा माणूस म्हटला की ग्रीसने काळवंडलेले कपडे डोळ्यांसमोर येतात. मारोतराव पांढरे कपडे घालत. पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, तोही इस्त्रीचा. सत्तरीच्या आसपासचं वय, उंच, काटक, आणि चालताना थोडे पुढे झुकलेले. संध्याकाळपर्यंत सदऱ्यावर दोन-चार डाग पडत. घरी जायच्या आधी उजेडात उभं राहून ते डाग ते नीट निरखून बघत. मला एकदा म्हणाले, "काळ्या कपड्यावर काही दिसत नाई, ताई. पांढऱ्यावर समजते आज कोणाचं काय गळलं." त्यांच्या पत्नीला, इंदूबाईंना, हे शास्त्र मान्य नव्हतं. कपडे धुणं त्यांच्याकडे होतं.

गाड्यांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत. कुठलीही गाडी शेडमध्ये आली की तिच्याखाली आधी एक जुनं पांढरं धोतर अंथरायचं आणि गाडी तशीच उभी ठेवायची. मालक घाईत असला तरी बाजेवर बसवून त्याला चहा द्यायचा आणि इकडच्या-तिकडच्या गोष्टी विचारायच्या. गाडी शेवटी कोणी चालवली? ती कुठे उभी असते? बिघडायच्या आधी घरात काही झालं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक गोंधळत. मारोतराव मात्र गंभीर असत. त्यांचं म्हणणं असं की, घरात भांडण झालं की माणूस क्लच जास्त दाबतो.

मी वर्ध्याला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, पुलगावला मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. त्यांच्याकडे एक जुनी, गोल नाकाची, काळी गाडी आहे. एका जिनिंग कारखान्याचे मॅनेजर गाव सोडून जाताना दादांनी ती त्यांच्याकडून घेतली होती. तेव्हाच ती म्हातारी होती. दादांच्या डोळ्यांचं बिनसल्यावर ती चालवायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी मी पुलगावला जाई, दादांना शेजारी बसवून गावाबाहेर एक चक्कर मारून आणी. शिक्षकाच्या पगारात असली गाडी ठेवणं म्हणजे खुळेपणा, असं आई असेपर्यंत म्हणत राहिली आणि स्वतः मात्र तिच्यात बसताना चांगली साडी नेसायची.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मी इंजिनातलं तेल तपासायची पट्टी बाहेर काढली आणि तिच्यावर काळ्या तेलाऐवजी कॉफीत जास्त दूध पडावं तसं काहीतरी फिकट, घट्ट लागलेलं दिसलं. रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी बरंच खाली गेलेलं. गाडीखालची जमीन कोरडी. माझ्या विषयातलीच गोष्ट होती, ओळखायला वेळ लागला नाही. थंड ठेवणारं पाणी इंजिनाच्या आत कुठूनतरी तेलात शिरत होतं. तेलात पाणी मिसळलं की ते नीट वंगण करत नाही आणि आतले सगळे भाग एकमेकांना खाऊ लागतात.

आम्ही गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून नागपूरच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. दोन आठवडे ती तिथे पडून होती. मग तिथल्या माणसाने अगदी सभ्यपणे सांगितलं की इंजिनाचा मुख्य सांगाडा, ज्याला ते ब्लॉक म्हणतात, तडकला आहे. या वयाच्या गाडीला दुसरा मिळणार नाही, तेव्हा भंगारात काढलेली बरी. दादांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे." परत येताना गाडी वाहून आणणारा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, एकदा मारोतरावले दाखवा ना. नाई म्हणाले तं मग विका." मारोतराव ट्रॅक्टर आणि जीपवाले, असा आमचा समज होता, म्हणून त्यांच्याकडे आम्ही गेलोच नव्हतो. त्यानंतरही गाडी आठ-नऊ महिने अंगणात नुसती उभी राहिली, आणि शेवटी पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेले.

मी पहिल्यांदा शेडमध्ये गेले तेव्हा ते एका स्कूटरचं इंजिन उघडून बसले होते. माझ्या मागोमाग एक मोठी पांढरी गाडी येऊन थांबली. त्यातून तालुक्यातल्या कुण्या पुढाऱ्याची चार माणसं उतरली. साहेबांना देवळीला सभेला जायचंय, ब्रेक आवाज करतोय, आधी आमची बघा, असं त्यांचं चाललं. मारोतरावांनी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा सांगितल्यावर म्हणाले, "हिचं पोट उघडं हाय. हिले शिवल्याबिगर मी दुसरीले हात लावत नाई." एकाने आवाज चढवला. तेव्हा हातातला पाना खाली ठेवून ते म्हणाले, "तुमी दवाखान्यात गेलते अन् डाक्टर तुमाले अर्धं कापून साहेबाले पाहाले गेला, तं चालंल का तुमाले?" ती माणसं तणतणत निघून गेली. स्कूटर एका अंगणवाडी सेविकेची होती. ती कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. मारोतराव तिला म्हणाले, "तू बस ना व. तू कायले भेली?"

मी माझी अडचण सांगितली. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होते. वर्गात इतकं लक्ष मला कुणी दिलेलं नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. मी तयारीनिशी गेले होते. प्रयोगशाळेत तेलाचा नमुना पांढऱ्या मोरचुदावर टाकून पाहिला होता. पाणी लागलं की ते निळं होतं, आणि झालंही होतं. ती परीक्षानळी मी अभिमानाने पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरून कौतुकाने पाहिली.

"लई सुंदर निळं झालं. म्हंजे पाणी हाय."

"हो."

"पण पाणी हाय हे तं मले तुमच्या पट्टीवर बी दिसते, ताई. ते कुठून येऊन राह्यलं, ते तुमचं निळं सांगते का?"

मी नळी पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते दादांच्या घरी आले. गाडीभोवती दोनदा फिरले. दादांना नमस्कार केला आणि गाडी सुरू करायला सांगितली. मग त्यांनी लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ चक्क दातांत धरली. डोळे मिटून ते इंजिनावर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत राहिले. मिस्त्री लोक स्क्रूड्रायव्हर कानाला लावतात, हे मी पाहिलं होतं. दातांत धरणारा हा पहिलाच. मी मागून काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तरी नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. शेडमध्ये ते माझ्या तोंडाकडे का बघत होते, त्याचाही उलगडा झाला. इतकी वर्षं हातोडे आणि सायलेन्सर नसलेले ट्रॅक्टर यांच्यात काढल्यावर दुसरं काय होणार? पण आवाजावरून आजार ओळखणारा म्हणून ज्याचं नाव, त्यानेच ही गोष्ट लोकांपासून लपवून ठेवली होती. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. दातांतली मूठ काढून, रुमालाने पुसत ते हलक्या आवाजात म्हणाले, "हाडातून ऐकू येते मले, ताई. चांगलं ऐकू येते. बाहेर सांगजा नोको." मी आजवर सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नसावी.

त्यांनी निदान केलं ते वरच्या गासकेटचं. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये जी पातळ चादर असते ती. वरचा भाग उघडल्यावर ती एका ठिकाणी जळालेली निघालीच. त्यांनी ती बोटाने मला दाखवली, नवी करवून घातली, तेल बदललं आणि गाडी चालवून दिली. "फुटलं-बिटलं काही नाई. नागपूरवाल्यानं घाई केली," असं वर म्हणाले. दर रविवारी पट्टी काढून बघायला मात्र त्यांनी मला बजावलं.

तीन रविवार पट्टी काळी निघाली. चौथ्या रविवारी तिच्यावर पुन्हा तो फिकट थर होता.

मी फोन केला. फोन इंदूबाईंनी घेतला आणि "सांगतो त्याईले," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होते. मधली सुट्टी होती, दहा-बारा शिक्षक डबे उघडून बसलेले. दारात मारोतराव उभे. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पुलगावहून एसटीने आले होते. मी उठून बाहेर जाणार, तोवर ते आत आले आणि त्या सगळ्यांसमोर, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे, मोठ्याने बोलले.

"ताई, माझं चुकलं. मी घाई केली. जे डोयाले दिसलं तेच धरलं. गासकेट खराब होती, पण चोर ते नव्हती. चोर आतच हाय अजून. मी नागपूरवाल्याले नावं ठेवली, तेबी चुकलं."

डबे खाणारे हात थांबले. आमच्या त्या खोलीत बरीच वर्षं अनेक विषयांवर वाद झाले आहेत. माझं चुकलं, हे वाक्य मी तिथे पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, अहो, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. "फोनवर मले तुमचं तोंड दिसत नाई," ते म्हणाले. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. मग त्यांनी विचारलं की गाडीची इतकी काळजी तुम्हाला का. शौक असेल तर सावकाश करू. काही कारण असेल तर सांगा.

कारण होतं, पण ते घरातलं होतं. मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि सांगितलं.

दादांची धाकटी बहीण, आमची आत्या, समुद्रपूरला असते. गेली चाळीसेक वर्षं दर भाऊबीजेला दादा त्याच गाडीने तिच्याकडे जात. आत्या ओसरीत पाट मांडून बसलेली असे आणि गाडी वळणावर दिसली की निरांजन लावी. गेल्या भाऊबीजेला गाडी नागपूरला गॅरेजात होती. आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. आत्याने विचारलं, "तुही काळी कुठाय?" दादा म्हणाले, "रंगवायला दिली आहे." आत्या खूश झाली. पुढच्या वर्षी नवरीसारखी दिसेल म्हणाली. घरी आल्यावर मला म्हणाले, "मी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या." ती गोष्ट पुन्हा काढली नाही, पण रविवारच्या चकरेबद्दल विचारणंही त्यांनी सोडून दिलं होतं.

"गुरुजी खोटं बोलले?" मारोतरावांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, "आपले गुरुजी?" मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग वाटलं, आलं आहे, पण पटत नाहीये. ते पिशवी काखेत मारून निघाले. जाता जाता म्हणाले, "भाऊबीजेले दीड महिना हाय. मले गाडी आणून द्या. अन् या वेळेस मी तिले उघडत नाई. आधी पाह्यतो."

आणि खरंच त्यांनी एक आठवडा गाडीला पाना लावला नाही. ती धोतरावर उभी करून ठेवली, सुरूसुद्धा केली नाही. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडायचं, त्यात एक खराट्याची काडी उभी बुडवायची, ती कुठवर ओली झाली ते बघायचं आणि शेडच्या भिंतीवर खडूने तेवढी रेघ मारायची. येणारे-जाणारे हसत. एकाने विचारलं, मिस्त्री, दूध मोजता का? मी रविवारी गेले तेव्हा भिंतीवर सात रेघा होत्या आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी आखूड.

"पाहा. उभी गाडी पाणी पिऊन राह्यली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "वरची चादर खराब राह्यती तं चालवल्यावर पाणी गेलं असतं. जोर पडला असता, बुडबुडे आले असते. इथं काहीच जोर नाई. पाणी आपल्या वजनानं खाली उतरून राह्यलं. म्हंजे भोक खाली हाय, तळाशी. मी वर पाह्यत होतो."

मला अगदी लख्ख आठवतं, ते ऐकून मला माझ्या निळ्या परीक्षानळीची थोडी लाज वाटली. सात दिवस, एक काडी आणि खडू. नागपूरच्या गॅरेजातली यंत्रं आणि माझी प्रयोगशाळा यांना जे कळलं नाही, ते एवढ्यावर कळलं होतं.

पण तळाशी म्हणजे नेमकं कुठे? ब्लॉक तडकला असेल तरी पाणी तळाशीच उतरणार. म्हणजे नागपूरवाल्याचं म्हणणं अजून खरं ठरू शकत होतं. मारोतराव ते लपवत नव्हते. "अर्धं अर्धं हाय, ताई. गुरुजीले आत्ताच काही सांगू नोका."

त्यांनी इंजिनाखालची तेलाची परात काढली. आता खालून बघितलं की इंजिनाचं पोट दिसत होतं. पाणी ओळखू यावं म्हणून त्याला रंग द्यायचा होता. "तुमच्या शाळेत असं काही हाय का, जे पाण्याले रंगवते पण लोखंडाले खात नाई?" मी मनात रसायनांची यादी करू लागले. तोवर इंदूबाईंनी घरातून जिलबीच्या रंगाची पुडी आणून दिली. केशरी पाणी रेडिएटरमध्ये भरलं. मारोतरावांनी झाकणाला भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व बसवला आणि सायकलचा पंप लावला. मला म्हणाले, "हळू मारा. मी सांगतो तवा थांबा." मग पोत्यावर आडवे होऊन, तो पांढरा सदरा घालूनच, गाडीखाली शिरले.

मी पंप मारला. त्यांनी पाय हलवून थांबायची खूण केली. मग बराच वेळ काहीच झालं नाही. इंदूबाई बाजेवर वाल सोलत बसल्या होत्या. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेले. मारोतरावांचे दोन पाय बाहेर दिसत होते आणि ते जराही हलत नव्हते. मला शंका आली, झोपले की काय. वाकून पाहिलं तर ते टॉर्च छातीवर धरून, डोळे सताड उघडे ठेवून, वर बघत पडलेले. एक तास गेला, मग आणखी अर्धा. मी दोनदा पुन्हा पंप मारला. मला असं निश्चल पडून राहता आलं नसतं. मी मध्येच उठून भिंतीवरच्या रेघा मोजून आले.

"आली," आतून आवाज आला.

मी तशीच साडीनिशी पोत्यावर झोपले आणि मान आत घातली. त्यांनी टॉर्चने दाखवलं. इंजिनाच्या पोटात तिसऱ्या सिलिंडरच्या कडेला एक केशरी थेंब हळूहळू भरत होता. तो लोंबकळला आणि खाली धोतरावर पडला. पांढऱ्यावर केशरी ठिपका. मारोतराव हसत होते, लहान मुलासारखे, तोंडभर.

"भेग नाई. पाहा, सांध्यातून येते. गोल कडा हाय ना, तिच्यातून. भेग अशी गोल राह्यत नाई."

बाहेर आल्यावरही ते ओणवून धोतरावरच्या त्या ठिपक्याकडे बघत राहिले. हात धुऊन बाजेवर बसले. म्हणाले, "हे मी पाह्यलं हाय." कुठे ते त्यांना आठवेना. इंदूबाईंना ही सवय माहीत असावी. त्यांनी वालाचं ताट बाजूला ठेवलं आणि वाट बघत राहिल्या. मग ते उठले. "आंजी! देवरावजीचा राखुंडी ट्रॅक्टर!"

मारोतराव विशीत असताना आंजी मोठी या गावच्या एका शेतकऱ्याकडे, देवरावजींकडे, एक छोटा राखाडी रंगाचा विलायती ट्रॅक्टर होता. मारोतरावांनी आयुष्यातलं पहिलं इंजिन उघडलं ते त्याचं. त्याचे सिलिंडर ब्लॉकमध्ये कोरलेले नव्हते. सुट्या नळ्या होत्या, ब्लॉकमध्ये बसवलेल्या, सभोवती पाणी. आणि प्रत्येक जोडीच्या तळाशी आठच्या आकड्यासारखी एक पातळ चकती, पाणी खाली जाऊ नये म्हणून. दादांच्या काळ्या गाडीचं इंजिन आणि त्या ट्रॅक्टरचं इंजिन एकाच घराण्यातलं होतं. कुणी विलायतेत एकाच नकाशावरून दोन्ही केली होती. पन्नास वर्षांपूर्वीची एक चकती या माणसाच्या डोक्यात जशीच्या तशी होती.

पुढच्या रविवारी आम्ही आंजीला गेलो. देवरावजी राहिले नव्हते. त्यांची सून घरी होती. तिने गोठ्यामागचं खोपट उघडून दिलं. ट्रॅक्टर होता, त्याच्या सीटवर कोंबडी बसली होती. मारोतरावांनी त्याच्या बॉनेटवर हात ठेवला. नंतर सीटखालच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी एक मेणकागदाची घडी काढली. आत एक नवी, न वापरलेली चकती होती. एकच. चार सिलिंडरांच्या दोन जोड्यांसाठी हव्या होत्या दोन. सून म्हणाली, "घेऊन जा बाप्पा. आमच्या इथं कोण पाह्यते?"

दुसरी त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून स्वतः कापली. लाल होईतो तापवून पाण्यात बुडवली, म्हणजे तांबं मऊ होतं आणि दाबल्यावर नीट बसतं. पहिली कापली ती एका बाजूला जाड निघाली म्हणून टाकली. दुसरीही टाकली. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. म्हटलं, चालेल की हो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. तिसरी बसली. नळ्या परत जागेवर बसवून, वर पट्टी धरून, कागदासारख्या पातळ पात्यांनी त्यांनी फट मोजली. नळी ब्लॉकच्या वर केसाइतकीच यायला हवी, जास्त नाही, कमी नाही. हे काम करताना ते मध्येच चिडत. इंदूबाईंवर ओरडले, मग माझ्यावर, मग कडुनिंबावरून काव काव करणाऱ्या कावळ्यावर, जो त्यांना बहुधा ऐकूही येत नव्हता.

आणि मग पुन्हा एक आठवडा, काडी आणि खडू. भिंतीवर सात रेघा, सातही सारख्या.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी दादांना घेऊन गाडी आणायला गेले. गाडी शेडबाहेर उन्हात उभी होती. डावीकडचं पुढचं मडगार्ड चकचकीत काळं होतं, नुकतंच रंगवलेलं. बाकी सगळी गाडी जुनीच, फिकट, जागोजाग पोपडे उडालेली. मला कळेना. मी रंगाबद्दल काही बोललेच नव्हते. मारोतराव दादांच्या जवळ गेले आणि त्यांचा हात धरून त्या मडगार्डवर ठेवला. दादांना आता जवळचंही नीट दिसत नाही. पण बोटांना तो गुळगुळीतपणा कळला.

"हे काय, मारोतराव?"

"रंगाले देल्ली होती ना गुरुजी," मारोतराव म्हणाले. "सगळी होत नव्हती एवढ्या दिवसात. इतकी झाली. आता कोणी विचारलं तं खरंच सांगजा."

दादांनी हात काढला नाही. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी त्यांचं गुपित फोडलं होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. मला वाटलं, रागावतील. ते मारोतरावांना म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही माझ्या शाळेत असायला हवे होतात." मारोतराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते म्हणाले, "मी चवथीत शाळा सोडली जी." "विद्यार्थी म्हणून नाही म्हणत मी," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरला आत्या ओसरीत होती. तिने चष्मा सारखा करून गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाली, "एवढंच रंगवलं? अन् त्याले वर्ष लागलं?" दादा इतके हसले की त्यांना पाटावर बसवायला दोघांना धरावं लागलं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मारोतराव गेले. सकाळी चहा प्यायला उठले आणि तिथेच खाली बसले, असं इंदूबाईंनी सांगितलं. शेड आता बंद आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, ऐन उन्हाळ्यात, जामच्या चौकात. दादांना घेऊन आत्याकडून परत येत होते. मोठ्या रस्त्याच्या कडेला एक अगदी नवी, बॅटरीवर चालणारी गाडी बंद पडून उभी होती. आंध्राकडचं कुणी कुटुंब असावं. नवरा-बायको, एक तान्हं मूल, एक म्हातारी. आणि त्यांच्यात मारोतराव. हिंगणघाटला कुण्या नातेवाइकाकडे आले होते आणि परतताना बसमधून ही माणसं दिसली म्हणून उतरले होते. मी गाडी थांबवून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काय झालंय?"

"मले समजत नाई, ताई," ते म्हणाले. त्यात कसलाही खेद नव्हता. "उघडून पाह्यलं. आत इंजिनच नाई. ह्याईनं कंपनीले फोन केला, नागपूरहून माणूस येऊन राह्यला. दोन घंटे लागते म्हणे."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

त्यांनी हातातली छत्री दाखवली. समोरच्या हॉटेलातून मागून आणली होती. ती त्यांनी त्या म्हातारीच्या डोक्यावर धरली होती. म्हातारी गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसली होती आणि मांडीवर नातवंड झोपलं होतं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी म्हटलं, चला, तुम्हाला पुलगावला सोडते. त्यांनी मान हलवली.

"तुमी जा जी. गुरुजीले ऊन लागते. माणूस आला का मी येतो."

मी गाडी सुरू केली. आरशात ते दिसत होते. सूर्य थोडा सरकला होता, म्हणून त्यांनी छत्रीही थोडी सरकवली. स्वतः उन्हातच उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात, पुढे झुकून. त्या बाळाची झोप मोडली की काय, ते बघत होते.